‘ते तेवढं बघून घ्या!’

फायनल इयरचा प्रोजेक्ट निवडताना आमच्या वर्गात जे काही चालतं ते तुम्हाला माहीतच आहे. अर्धा वर्ग चेहरा ओळखून हजेरी घेणारं मशीन करतो, उरलेला अर्धा वर्ग ‘स्मार्ट पार्किंग’ करतो आणि जे उरतात ते सीनिअर्सच्या रिपोर्टवरची तारीख बदलतात! अशा वातावरणात मी जेव्हा ग्रुपला सांगितलं की आपण वकिलाच्या ऑफिससाठी सॉफ्टवेअर करायचं, तेही फक्त ‘कामं तयार करणं आणि वाटणं’ एवढ्याच भागाचं, तेव्हा कॅन्टीनमधल्या त्या टेबलावर दोन मिनिटं शांतता पसरली. मग एकजण म्हणाला, “अगं, ती तर टू-डू लिस्ट झाली. सेकंड इयरचं मिनी प्रोजेक्ट आहे ते!”

मलाही आधी तसंच वाटलं असतं. पण २०२३ च्या दिवाळीनंतर माझ्या काकांच्या ऑफिसात जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी तेच सांगते, म्हणजे पुढचा सगळा खटाटोप कशासाठी ते कळेल.

काका सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वकिली करतात. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, चार कपाटं भरून फायली, एक कॉम्प्युटर, एक ज्युनिअर वकील ताई आणि तीस वर्षं कारकुनी करणारे अण्णा. ७ नोव्हेंबर २०२३ ला एक पोल्ट्रीवाले अशील आले. त्यांनी एका व्यापाऱ्याला पक्षी दिले होते, त्याचा २ लाख ४० हजारांचा चेक परत आला होता. चेकवरची तारीख ५ ऑगस्टची. व्यापारी “आज भरू नका, उद्या भरा” करत राहिला, म्हणून यांनी तो अगदी शेवटी, ऑक्टोबरअखेर बँकेत टाकला. ३० ऑक्टोबरला बँकेचा मेमो हातात पडला : खात्यात पुरेशी रक्कम नाही.

चेक न वटण्याचं प्रकरण परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली येतं. त्यात पहिली पायरी म्हणजे चेक देणाऱ्याला लेखी मागणीची नोटीस, आणि ती बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत जावी लागते. म्हणजे ३० ऑक्टोबर सोडून मोजलं तर शेवटचा दिवस २९ नोव्हेंबर. बावीस दिवस हातात होते. काकांनी कागद पाहिले आणि म्हणाले, “ठीक आहे, नोटीस काढू.” मग अण्णांकडे वळून नेहमीचं वाक्य टाकलं, “ते तेवढं बघून घ्या!”

मध्ये दिवाळी आली. कोर्टाला सुट्टी, ऑफिस अर्धं रिकामं. ताईंनी सुट्टीवरून आल्यावर नोटिशीचा मसुदा टाइप केला आणि कॉम्प्युटरवर ठेवला. त्यांना वाटलं, सही घेऊन पोस्टात टाकणं हे अण्णांचं काम. अण्णांना वाटलं, मसुदा ताईंचा आहे म्हणजे छापून, सही घेऊन त्याच देतील. काकांना वाटलं, नोटीस गेली. ४ डिसेंबरला अशिलाचा फोन आला : “पोच आली का वो?” तेव्हा फाईल उघडली. मसुदा ‘नोटीस फायनल’ या नावाने कॉम्प्युटरमध्ये शांतपणे झोपला होता.

आता चेक पुन्हा बँकेत टाकून नवीन मेमो घेता आला असता का? तेही नाही. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिन्यांची आहे. ५ ऑगस्टचा चेक नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच शिळा झाला होता. फौजदारी तक्रारीचा रस्ता बंद. उरला पैसे वसुलीचा दिवाणी दावा, ज्याला तीन वर्षांची मुदत असते, पण त्यात कोर्ट फी भरा, वाट पाहा, आणि समोरच्याला ती धास्तीही राहत नाही.

काकांनी काही लपवलं नाही. अशिलाला बोलावून स्वतः सांगितलं की चूक आमच्या ऑफिसची आहे. ते गृहस्थ चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “वकीलसाहेब, मी तर टायमात आलो हुतो की.” मी बाहेरच्या खोलीत बसले होते. ते वाक्य अजून कानात आहे.

मित्रांनो, गंमत बघा. तिघांपैकी कोणीही आळशी नव्हतं, कोणीही खोटं बोललं नाही. मसुदासुद्धा वेळेत झाला होता. फक्त ‘काम’ नावाची गोष्ट कुणाच्याच नावावर नव्हती. आमचा प्रोजेक्ट म्हणजे एवढी एक फट बुजवण्याचा प्रयत्न.

तारीख, मुदत आणि काम

आम्ही पहिले पंधरा दिवस एक ओळही कोड लिहिला नाही (गाइड सरांना हे सांगू नका). नुसतं ऑफिसात बसून पाहिलं. वकिलाच्या ऑफिसात डायरी असते आणि ती अतिशय चांगली चालते. प्रत्येक पानावर त्या दिवशीच्या केसेस, मागची तारीख, पुढची तारीख, केस कुठल्या टप्प्यावर आहे ते. कोर्टातून आलं की अण्णा पुढची तारीख चढवतात. आता तर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर प्रत्येक केसचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. त्या क्रमांकात पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग कोर्टाचा संकेतांक, अनुक्रमांक आणि वर्ष असा सरळ हिशेब आहे.

मग नोटीस हुकली कशी? कारण डायरीत फक्त ‘तारखा’ असतात. पोल्ट्रीवाल्यांची तर अजून केसच नव्हती, मग तारीख कुठून येणार? तेव्हा आमच्या लक्षात आलं की आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात बोलतो :

तारीख : कोर्टाने दिलेला दिवस. त्या दिवशी हजर राहायचं. ती कोर्ट ठरवतं.

मुदत : कायद्याने आखलेली रेषा. ती कुणी सांगायला येत नाही, आपणच मोजायची असते.

काम : माणसाने करायची कृती. तारखेच्या आणि मुदतीच्या अलीकडे ही पुरी व्हायला हवी.

डायरीत तारीख असते, मुदत वकिलाच्या डोक्यात असते आणि काम हवेत असतं! आम्ही डेटाबेसमध्ये या तिघांची तीन वेगळी टेबलं केली आणि तिन्ही केसला बांधली. परदेशातली तयार सॉफ्टवेअर पाहिली तर तिथेही हीच मांडणी दिसली. उदाहरणार्थ कॅनडात २००८ मध्ये सुरू झालेलं क्लिओ. त्यात केसला ‘मॅटर’ म्हणतात आणि प्रत्येक काम मॅटरला जोडून एका माणसाच्या नावावर टाकता येतं. आपले वकीलही “आज माझं मॅटर बोर्डावर आहे” असंच म्हणतात, त्यामुळे शब्द नवीन शिकवावा लागला नाही. फक्त आम्ही एक सोय जास्त ठेवली. केस दाखल होण्याआधीच, अशील दारात आल्या दिवशीच, ‘मॅटर’ उघडता येतं. सीएनआर क्रमांकाची जागा तोवर रिकामी राहते.

काम ‘तयार’ करायचं म्हणजे काय?

पहिल्या डेमोला आम्ही मोठ्या ऐटीत स्क्रीन दाखवली. ‘नवीन काम’ असं बटण, त्याखाली एक चौकट. काकांनी चौकटीत टाइप केलं : ‘नोटीस’. सेव्ह. आणि आमच्याकडे पाहिलं. झालं, आमचं सॉफ्टवेअर ‘ते बघून घ्या’ हेच वाक्य आता कॉम्प्युटरवर म्हणत होतं!

मग नियम केला की कामाचं नाव हे क्रियापदाने संपलं पाहिजे आणि वाचणाऱ्याला ‘संपलं’ म्हणजे काय ते कळलं पाहिजे. ‘नोटीस’ हे काम नव्हे, तो कागद आहे. ‘नोटीस पोस्टात टाकून पावती फाईलला लावणे’ हे काम. हे लिहिलं की आपोआप दिसतं की त्याआधी मसुदा करणे, मसुदा तपासून सही करणे अशी आणखी दोन कामं आहेत. त्या दिवाळीत नेमकी या दोन कामांच्या सांध्यावरच नोटीस घसरली होती.

शेवटी आमच्या फॉर्ममध्ये एवढ्या गोष्टी राहिल्या : कुठल्या केसचं, काय करायचं, कोणी करायचं, कोणी तपासायचं, ऑफिसची तारीख, कायद्याची शेवटची तारीख, ती कशावरून मोजली आणि पुरावा काय जोडायचा.

दोन तारखा का, असं आमच्याच ग्रुपमधल्या मित्राने विचारलं. कारण साधं आहे. सबमिशनची शेवटची तारीख ३० असेल तर आपण ३० च्या पहाटे जर्नल लिहितो. मग प्रिंटर बंद, सर रजेवर, लाइट गेलेली. वकिलाचंही तसंच होतं. कायद्याची शेवटची तारीख २९ नोव्हेंबर असेल तर ऑफिसची तारीख २० नोव्हेंबर. ऑफिसची तारीख चुकली तर बोलणी बसतात. कायद्याची चुकली तर अशील बुडतो. सॉफ्टवेअरमध्ये पहिली तारीख काका बदलू शकतात. दुसरी बदलायला कारण लिहावं लागतं आणि ते कायमचं नोंदलं जातं.

‘कशावरून मोजली’ ही जागा काकांनी सुचवली. नुसतं ‘२९ नोव्हेंबर’ दिसलं तर ते बरोबर की चूक कोण सांगणार? त्याशेजारी ‘बँक मेमो मिळाला : ३० ऑक्टोबर, अधिक ३० दिवस’ असं दिसलं तर दुसरा माणूस पडताळू शकतो.

एक काम, एक नाव

आता वाटप. आमच्या पहिल्या आवृत्तीत एक काम कितीही जणांना देता येत होतं. आम्हाला तो मोठा फीचर वाटला होता! अण्णा पहिल्याच आठवड्यात म्हणाले, “तिघांची नावं घातली की कुणाचंच नाव नसतं, बाळा.” सगळा प्रोजेक्ट रिपोर्ट या एका वाक्यात आला.

म्हणून मालक एकच. मदतनीस कितीही असू देत, तपासणारा वेगळा असू दे, पण ‘हे झालं का?’ असं विचारल्यावर उत्तर द्यायला एकच माणूस. डेटाबेसमध्ये हे फार सोपं आहे. मालक हा कामाच्या टेबलातला एकच रकाना, आणि तो रिकामा ठेवता येत नाही. एका ओळीची अट, पण तीच अट असती तर दिवाळीतला तो मसुदा झोपला नसता.

दुसरी अट, दिलेलं काम ‘स्वीकारावं’ लागतं. आमच्या ऑफिसात एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होताच. काका त्यात कामं टाकायचे, सगळ्यांच्या निळ्या खुणा यायच्या आणि काम तिथेच राहायचं. निळी खूण म्हणजे ‘वाचलं’. ‘मी करतो’ हे वेगळं आणि ‘केलं’ हे त्याहून वेगळं. म्हणून कामाच्या अवस्था अशा ठेवल्या : दिलं, स्वीकारलं, चालू, अडलं, तपासणीला, पूर्ण. एका दिवसात स्वीकारलं नाही तर ते देणाऱ्याकडे परत येतं. देणाऱ्याला वाटतं आपण दिलं म्हणजे आपलं संपलं. तसं नसतं. समोरच्याने घेईपर्यंत काम आपल्याच हातात असतं.

‘अडलं’ ही अवस्था आधी नव्हती. ताई म्हणाल्या, “अशिलाने पत्ताच दिला नाही तर मी काय करू? मला उशिराचा लाल रंग कशाला दाखवता?” बरोबरच होतं. आता ‘अडलं’ निवडलं की कशासाठी आणि कुणामुळे ते लिहावं लागतं, आणि ते अडलेलं सोडवण्याचं एक नवीन छोटं काम तयार होतं, अर्थातच कुणाच्या तरी नावावर : ‘अशिलाला फोन करून पत्ता घेणे’. पण कायद्याची तारीख मात्र थांबत नाही, ती शेजारी तशीच दिसत राहते.

आणि ‘पूर्ण’ नुसत्या टिकमार्कने होत नाही. नोटिशीच्या कामाला पोस्टाची पावती, नक्कल मागण्याच्या कामाला अर्जाची पोच, असा फोटो जोडावा लागतो. मोबाईलने काढला तरी चालतो.

शिवाय कोणाला काय दिसावं हाही प्रश्न आहे. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना कायद्याचं संरक्षण आहे, आधी १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. म्हणून टायपिंगला बाहेरून येणाऱ्या मुलाला त्याच्या नावावरचं काम दिसतं, पण पूर्ण फाईल दिसत नाही. काम दिलं म्हणजे सगळं कपाट उघडून दिलं असं नव्हे.

एक महिना म्हणजे तीस दिवस नव्हे!

आता आमची सगळ्यात मोठी फजिती. एकेक काम हाताने लिहिण्यापेक्षा साचा करावा असं ठरलं. चेकची केस आली की मेमोची तारीख टाकायची आणि सगळी कामं साखळीसारखी आपोआप तयार व्हायची : मसुदा, सही, पोस्ट, पोच तपासणे, पंधरा दिवस वाट, तक्रार दाखल.

पहिली चूक. आम्ही सगळ्या तारखा सुरुवातीलाच मोजून टाकल्या. पण पैसे द्यायला समोरच्याला मिळणारे १५ दिवस हे नोटीस पाठवल्यापासून नव्हे, त्याला मिळाल्यापासून मोजतात. नोटीस कधी मिळाली हे पोच आल्याशिवाय कळत नाही. म्हणजे साखळीतलं पुढचं काम ‘तारीख ठरायची आहे’ असंच राहिलं पाहिजे, आणि पोच तपासण्याचं काम पूर्ण झालं की मगच पुढच्या तारखा भरल्या पाहिजेत. अंदाजाची तारीख दाखवणं हे तारीख न दाखवण्यापेक्षा वाईट, कारण माणूस तिच्यावर विसंबतो.

दुसरी चूक जास्त मजेदार. १५ दिवसांत पैसे आले नाहीत की तक्रारीचं कारण घडतं आणि तेव्हापासून एक महिन्यात तक्रार दाखल करायची. आम्ही बिनधास्त लिहिलं : अधिक ३०. काकांनी कोड पाहिला नाही, फक्त एक जुना निकाल समोर ठेवला. साकेत इंडिया विरुद्ध इंडिया सिक्युरिटीज, सर्वोच्च न्यायालय, १९९९. तिथे नोटीस मिळाली २९ सप्टेंबर १९९५ ला. पंधरा दिवस संपले १४ ऑक्टोबरला. कारण घडलं १५ ऑक्टोबरला. तक्रार दाखल झाली १५ नोव्हेंबरला. मुदतीत की मुदतीबाहेर? एका दिवसासाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं! न्यायालयाने सांगितलं की ज्या दिवशी कारण घडलं तो दिवस सोडून मोजायचं, त्यामुळे तक्रार मुदतीत आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात मोजणी वेगळी झाली होती. तो गोंधळ २०१३ मध्ये इकॉन अंत्री प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मिटवला आणि साकेतची मोजणी बरोबर ठरवली.

आम्ही हीच तारीख टेस्ट केस म्हणून टाकली. आमच्या प्रोग्रॅमने उत्तर दिलं १४ नोव्हेंबर. एक दिवस अलीकडे. मित्र म्हणाला, “बरंय की, लवकरच सांगतोय, नुकसान काय?” मग मी कारण घडल्याची तारीख १५ फेब्रुवारी २०२५ टाकली. महिन्याने मोजलं तर शेवटचा दिवस १५ मार्च. आमचा प्रोग्रॅम म्हणाला १७ मार्च! म्हणजे ऑक्टोबरमध्ये एक दिवस लवकर आणि फेब्रुवारीत दोन दिवस उशीर. टेस्टिंगला एकच उदाहरण घेऊन ‘चाललं रे’ म्हणणाऱ्यांनी (म्हणजे आपण सगळ्यांनी) हे लक्षात ठेवावं. तक्रारीचा उशीर योग्य कारण दाखवलं तर कोर्ट माफ करू शकतं, पण तो अर्ज आपल्या सॉफ्टवेअरमुळे करावा लागू नये.

सगळ्या मुदती सारख्या कडक नसतात हेही तिथेच शिकलो. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची, कोर्ट कारण नोंदवून ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं, आणि २००५ च्या कैलास विरुद्ध नन्हकू निकालाप्रमाणे अपवादात्मक प्रसंगी त्याही पुढे परवानगी मिळू शकते. पण दावा व्यापारी स्वरूपाचा, २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याखालचा असेल तर १२० दिवसांनंतर दारच बंद. म्हणून प्रत्येक मुदतीपुढे ‘कडक’ की ‘वाढू शकते’ अशी खूण आहे. चेकच्या नोटिशीचे ३० दिवस ‘कडक’मध्ये.

सुट्टीचंही तसंच. दावा किंवा अपील दाखल करण्याच्या शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. मुदतीच्या कायद्यातच तशी तरतूद आहे. पण पोस्टाने नोटीस पाठवायला कोर्ट उघडं असावं लागत नाही! म्हणून सुट्टीचा नियम सरसकट न लावता कामाच्या प्रकाराला जोडावा लागला.

आणि नियम कोडमध्ये पक्के का ठोकायचे नाहीत याचं उत्तर कोरोनाने दिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदत मोजताना वगळायला सांगितला. जवळजवळ दोन वर्षं कॅलेंडरमध्ये आहेत, पण हिशेबात नाहीत. ज्यांनी नियम वेगळ्या टेबलात ठेवले असतील त्यांना एक ओळ घालावी लागली असेल. ज्यांनी कोडमध्ये ‘अधिक ३०’ लिहिलं असेल त्यांची कल्पना करा.

अण्णांचा कागद

सॉफ्टवेअर तयार झालं, पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये छान चाललं, आणि अण्णांनी ते उघडलंच नाही! आम्ही आधी म्हटलं, जुनी माणसं, त्यांना काय कळणार. मग एक दिवस त्यांच्याबरोबर कोर्टात गेले. सकाळी साडेदहा ते दुपारी दोन ते खुर्चीत बसलेच नाहीत. या कोर्टातून त्या कोर्टात, नकलेचा अर्ज, स्टॅम्प, बोर्ड बघणं, मध्येच काकांना निरोप. काखेत फायली, हातात पिशवी. लॉगइन कधी करणार?

मग आम्ही रोज सकाळी छापला जाणारा एक कागद काढला. एकच पान, मोठ्या अक्षरात मराठीत : आजची तुमची कामं, केस, शेवटची तारीख आणि शेजारी चौकोन. अण्णा पेनने खूण करतात, संध्याकाळी ताई दोन मिनिटांत त्या नोंदी चढवतात. आमच्या रिपोर्टमधल्या सगळ्या आकृत्यांपेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडला.

आठवणींचंही (म्हणजे रिमाइंडर्सचं) तेच. सुरुवातीला आम्ही दिवसाला वीस सूचना पाठवत होतो. चौथ्या दिवशी काकांनी फोन सायलेंटवर टाकला. आता सात दिवस, तीन दिवस आणि एक दिवस आधी, एवढंच, आणि तेही फक्त मालकाला. ऑफिसची तारीख उलटली तरच काकांना जातं. त्यामुळे काकांच्या फोनवर सूचना आली म्हणजे ती खरोखर बघण्यासारखी असते.

एक धोका मात्र सॉफ्टवेअर टाळू शकत नाही. मेमोची तारीख चुकीची टाकली तर साखळीतली प्रत्येक तारीख अगदी अचूकपणे चुकीची येते! म्हणून मूळ तारीख एकाने टाकायची आणि दुसऱ्याने कागद हातात घेऊन पडताळायची. ते पडताळणं हेही एक काम आहे, आणि हो, एकाच्याच नावावर.

व्हायव्हा आणि नंतर

व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी तोच प्रश्न विचारला : “हे टू-डू लिस्टच आहे ना?” मी त्यांना ती दिवाळीची गोष्ट सांगितली आणि फेब्रुवारीचा बग दाखवला. ते थोडं हसले आणि म्हणाले, “पुढे?” मार्क बरे मिळाले. खरं तर त्याच दिवशी सकाळी आमच्या रिपोर्टची बाइंडिंग केलेली कॉपी दुकानातच राहिली होती, कारण ग्रुपमधल्या चौघांनाही वाटलं होतं की दुसरा कोणीतरी आणेल. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

ज्युनिअर्सनो, गॅदरिंग असो, प्रोजेक्ट असो की उद्या नोकरीतलं काम असो, “ते तेवढं बघून घे” म्हणण्याआधी चार उत्तरं द्या. नेमकं काय? कोण? कधीपर्यंत? आणि झालं हे कशावरून कळणार? यातलं एक जरी उत्तर नसेल तर तुम्ही काम दिलेलं नाही, फक्त बोललात.

पोल्ट्रीवाल्यांचा वसुलीचा दावा काकांनी फी न घेता दाखल केला आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या क्रमांकाची केस तीच आहे. मागच्या सुट्टीत गेले तेव्हा स्क्रीनवर तिच्यापुढे एक काम दिसत होतं : ‘अशिलाला पुढची तारीख फोनवर कळवणे’. मालक : काका स्वतः. मी बघत असतानाच त्यांनी फोन उचलला.